ओळीचं टोक

सावळजच्या बागांतून वीस वर्षं मी ठिबक जोडतोय.
पाणी सुटलं की आधी ओळीच्या टोकाला जायचं.
व्हॉल्व्हपाशी उभं राहून काही कळत नाही,
तिथले सगळे वेल सारखेच हिरवे.
टोकाचा वेल खरं बोलतो.

हे ठाऊक असलेल्या माणसानं
स्वतःच्या पायाची बोटं
कधी बघितली नव्हती.

बघितली शालननं.
रात्री चादर ओढताना म्हणाली, हे काय?
मांडवाच्या बांधणीची तार, अर्धा इंच,
डाव्या करंगळीखाली रुतलेली,
भोवती पिवळं.
कधी लागलं?
दुखलं असतं तर बोललो असतो की.
मी पक्कड शोधायला लागलो,
तिनं ती हातातून काढून घेतली
आणि गाडीची किल्ली दिली.

मिरजेत मुजावर डॉक्टरीणबाईंनी पायाला गार जेल लावलं,
पेनासारखं काहीतरी टेकवलं. ऐका, म्हणाल्या.
उजव्या पायात धाप् धाप्, भरल्या विहिरीवरची मोटर.
डाव्या पायात फुस...
मग बराच वेळ काही नाही,
मग फुस.
तळ गाठलेल्या बोअरचा आवाज
मला कुणी सांगायला लागत नाही.

काय काम करता?
ठिबक.
मग तुम्हाला काय समजवायचं, म्हणाल्या,
तरी समजावलं:
साखर नुसती विरघळून वाहत नाही, काका,
नळीच्या अस्तराला धरते. अस्तर खरबरीत होतं,
ताण घेईनासं होतं,
मग चरबीला टेकायला जागा मिळते.
जाड नळ्या आतून बुजत येतात.
केसाहून बारीक असतात त्या झिरपतात,
डोळ्याच्या पडद्यात, मूत्रपिंडात.
आणि नसा उपाशी राहिल्या
की निरोप पाठवणं बंद करतात.
म्हणून तार कळली नाही तुम्हाला.

मी विचारलं, ॲसिड नाही का सोडता येत?
आम्ही रात्रभर भरून ठेवतो लॅटरलमध्ये,
सकाळी टोकाची टोपी काढली
की पांढरा गाळ भसाभसा बाहेर.
त्या हसल्या. पण थोडंच.
माणसाला टोकाची टोपी नसते, काका.

फेब्रुवारीत मी मण्याचा एक थेंब काचेवर घेऊन
उन्हाकडं धरतो,
बावीसचा आकडा दिसला की कात्री लावा म्हणतो.
त्या दिवशी माझ्या बोटाचा थेंब पट्टीवर:
तीनशे बारा.
एवढ्या गोडीचा माल
तासगावचा एकही व्यापारी उचलणार नाही.

जांघेतून बारीक तार सरकवली,
तारेवरून फुगा, फुगा फुगवला.
पडद्यावर मी माझीच लाइन बघत होतो.
गाळ निघत नाही त्यात,
भिंतीला दाबला जातो, एवढंच,
मधून पाणी जाण्यापुरती वाट.
एके ठिकाणी जाळीची नळी बसवली,
आमच्या कपलरसारखी.
करंगळी मात्र गेली.
उशीर झाला होता, म्हणाल्या,
आणि उशीर कुणी केला ते बोलल्या नाहीत.

बाकीचं घरी:
रात्री पोटावर इन्सुलिन,
एक गोळी चरबीची, एक रक्त पातळ राहायची, एक बीपीची,
वर्षातून एकदा डोळ्यांत थेंब घालून पडदा तपासणं.
तंबाखूची चंची शालननं चुलीत घातली,
न विचारता.
जखम भरल्यावर चालायचं,
पोटरी दुखेपर्यंत. मग थांबायचं. मग परत.
बाजूच्या बारीक नळ्या हळूहळू वाट काढतात म्हणे,
कुणी जोडल्याशिवाय.
वीस वर्षांत असली लाइन मी पाहिली नाही.

मंगळवारी मुळीकांच्या बागेत गेलो होतो,
मऊ तळाचे बूट घालून.
पोरं हसली, काका लग्नाला निघालाय काय?
निम्म्या ओळीत पोटरी धरली.
उभा राहिलो मांडवाच्या खांबाला टेकून,
तारेला हात न लावता.
पाणी सुटलेलं होतं.
टोकाला अजून चाळीस वेल होते.
तिथनं थेंब दिसत नव्हता,
ओल दिसत होती का, सांगता येत नाही.
दम घेतला,
निघालो बघायला.